घरी केलेले हँड सॅनिटायझर: कितपत प्रभावी, कितपत सुरक्षित, आणि करायचेच असेल तर कसे करावे

दोन वाट्या स्पिरिट, एक वाटी कोरफडीचा गर आणि वासासाठी चार थेंब तेल. ही कृती मार्च २०२० मध्ये असंख्य घरांतल्या व्हॉट्सॲपवर येऊन गेली आणि अजूनही एखादी साथ आली की ती नव्याने फिरू लागते. अमेरिकेत औषधांच्या दुकानांत ९१ टक्के आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज मिळते, त्यामुळे तिथे ९१ टक्क्यांच्या दोन वाट्यांना एक वाटी गर घातला तरी मिश्रणात ६०.७ टक्के अल्कोहोल उरते, म्हणजे ६० टक्क्यांच्या किमान मर्यादेच्या जेमतेम वर. आपल्याकडे दुकानदार काढून देतो ती बाटली बहुधा ७० टक्क्यांची असते. तिला हीच कृती लावली की अल्कोहोलचे प्रमाण ४६.७ टक्क्यांवर येते. वास तसाच येतो, हाताला गारवाही तसाच लागतो आणि हात पटकन कोरडेही होतात, पण जंतू मारण्याची ताकद भरवशाची राहत नाही. घरी केलेल्या सॅनिटायझरचा खरा धोका या न दिसणाऱ्या फरकात आहे, म्हणून या लेखात कृतीपेक्षा हिशेबाला अधिक जागा दिली आहे.

माझे मत आधीच सांगतो. घरात नळाला पाणी असेल आणि साबणाची वडी असेल, तर सॅनिटायझर करण्याच्या खटाटोपात पडू नये. बाहेर वापरण्यासाठी हवे असेल, तर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेली बाटली विकत आणावी. घरी करण्याची वेळ ही दोन्ही दारे बंद झाल्यावरची आहे, आणि तेव्हाही कोणते अल्कोहोल व किती टक्के, या दोन प्रश्नांची उत्तरे लेबलवर वाचता येत असतील तरच पुढे जावे.

अल्कोहोल नेमके काय करते

अल्कोहोल जंतूंच्या बाहेरच्या स्निग्ध आवरणाला विरघळवते आणि आतल्या प्रथिनांची घडी मोडते. प्रथिनांची घडी मोडण्यासाठी पाणी लागते, त्यामुळे ९९ टक्के अल्कोहोल ७५ टक्क्यांपेक्षा अधिक चांगले असेल हा समज चुकीचा ठरतो. ते हातावरून फार लवकर उडून जाते आणि पाण्यावाचून त्याचे काम अर्धवट राहते. साधारण ६० ते ९५ टक्के हा उपयोगाचा पट्टा मानला जातो, आणि अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, सर्वसामान्यांसाठी किमान ६० टक्क्यांची मर्यादा सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन प्रमाणित कृतींत तयार मिश्रणातील अल्कोहोल याहून बरेच वर ठेवले आहे: इथेनॉल, म्हणजे दारूत असते ते अल्कोहोल, असेल तर ८० टक्के आणि आयसोप्रोपिल असेल तर ७५ टक्के. हे सर्व आकडे आकारमानाचे आहेत. वजनाने मोजल्यास तेच ८० टक्के इथेनॉल सुमारे ७३.५ टक्के भरते, त्यामुळे दोन लेबलांची तुलना करताना टक्केवारी कशाची आहे हे पाहणे भाग असते.

फ्लू किंवा कोरोनासारख्या स्निग्ध आवरणाच्या विषाणूंवर आणि बहुतेक जिवाणूंवर अल्कोहोल उत्तम चालते. उलटी-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोविषाणूवर ते कमजोर पडते, आणि जिवाणूंच्या बीजाणूंवर, म्हणजे त्यांच्या टणक कवचातल्या सुप्त रूपावर, जवळजवळ चालतच नाही. शेतातून आलेले मातीचे हात, मासळी साफ केलेले हात, तेलकट हात किंवा कीटकनाशक फवारलेले हात सॅनिटायझरने स्वच्छ होत नाहीत. मळ आणि रसायन हातावरच राहते, फक्त पसरते. अशा वेळी साबण आणि पाणी यांना पर्याय नाही, कारण साबण जंतू मारतो की नाही यापेक्षा तो त्यांना सैल करून पाण्याबरोबर वाहून नेतो हे महत्त्वाचे आहे, आणि त्यासाठी किमान २० सेकंद चोळणे पुरते.

कोणत्या वस्तू वापरू नयेत

पिण्याची दारू या कामाची नाही. व्हिस्की, रम, व्होडका यांत साधारण ४० ते ४३ टक्के अल्कोहोल असते आणि गोव्यातील काजूची फेणीही त्याच्या आसपासच असते. त्यात आणखी काही मिसळले तर ते प्रमाण खालीच जाणार. तुरटी, कापूर आणि कडुनिंबाचा पाला उकळून गाळलेले पाणी हीदेखील त्या काळातली लोकप्रिय कृती होती. कडुनिंबाच्या गुणांबद्दल मला वाद घालायचा नाही, परंतु त्या काढ्यात अल्कोहोल नसते आणि दोन दिवस बाटलीत राहिला की त्यात स्वतःचेच जंतू वाढू लागतात. कुंडीतील कोरफडीच्या ताज्या गराचेही तसेच आहे. तो मिश्रण विरळ करतो आणि वर त्यातील वनस्पतीचे अंश बाटलीत नासतात. व्हिनेगर आणि लिंबू यांचा येथे उपयोग नाही. कपड्यांचे ब्लीच तर हाताला लावूच नये आणि कोणत्याही मिश्रणात घालू नये, कारण ब्लीच व्हिनेगरमध्ये मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि अल्कोहोलमध्ये मिसळले तर क्लोरोफॉर्मसारखी विषारी संयुगे तयार होतात.

सर्वांत घातक चूक हार्डवेअरच्या दुकानात होते. सुतार फ्रेंच पॉलिशसाठी लाख ज्यात विरघळवतात ते स्पिरिट स्वस्त असते आणि लिटरच्या बाटलीत मिळते. ते पिण्याजोगे राहू नये म्हणून त्यात मुद्दाम इतर द्रव्ये, अनेकदा मिथेनॉल, मिसळलेले असते. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. ते कातडीतूनही शोषले जाते, जरी बहुतेक मृत्यू पोटात गेल्याने होतात. मे आणि जून २०२० मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांत सॅनिटायझर प्यायल्याने मिथेनॉलची विषबाधा झालेल्या १५ जणांची नोंद सीडीसीने केली. त्यांतील चौघे दगावले आणि तिघांच्या दृष्टीवर परिणाम झाला. ही सॅनिटायझरे घरी केलेली नव्हती. कारखान्यातून आलेल्या मालात हे घडू शकते, तर सुट्या कॅनमधून आणलेल्या स्पिरिटविषयी काय बोलावे?

मिथेनॉल घरी ओळखता येत नाही, हे पुन्हा ठळकपणे सांगणे आवश्यक आहे. त्याचा वास जवळजवळ तसाच असतो, ते तसेच उडते आणि तसेच जळते. ज्योतीच्या रंगावरून ते ओळखण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्यांवर विसंबून राहू नये. म्हणून सुटे, विनालेबल, 'मेथिलेटेड' किंवा 'डिनेचर्ड' असे लिहिलेले किंवा फक्त 'स्पिरिट' एवढेच छापलेले द्रव घेऊ नये. मोबाइल दुरुस्तीवाले सर्किटच्या पट्ट्या पुसण्यासाठी वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल वेगळे असले, तरी ते यंत्रांसाठी विकले जाते आणि त्यातील अशुद्धीबद्दल त्वचेच्या दृष्टीने कोणी हमी दिलेली नसते.

घरासाठी सर्वांत सोपी आणि कमी चुकीची पद्धत

शुद्ध इथेनॉल सामान्य ग्राहकाला सहज मिळत नाही; महाराष्ट्रात त्यावर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण असते. त्यामुळे घरच्या कामासाठी औषधाच्या दुकानातील, टक्केवारी आणि उत्पादकाचे नाव छापलेले ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल हाच व्यवहार्य कच्चा माल राहतो. ते मिळाले, तर त्यात पाणी, कोरफड, गुलाबजल यांपैकी काहीही घालायचे नाही. १०० मिलिलिटरमध्ये दीड मिलिलिटर ग्लिसरीन घालावे, बाटली बंद करून हलवावी, झाले. ७० ला १०१.५ ने भागले की तयार मिश्रणात सुमारे ६९ टक्के अल्कोहोल राहते, म्हणजे मर्यादेच्या बरेच वर. ग्लिसरीन जंतू मारत नाही. अल्कोहोलमुळे हात कोरडे पडून भेगा पडू नयेत एवढ्यासाठीच ते असते.

दीड मिलिलिटर मोजायला चमचा कामाचा नाही, कारण घरातले चमचे पाच मिलिलिटरचे असतील याचा भरवसा नसतो. औषधाच्या दुकानातून पाच मिलिलिटरची नवी सिरिंज सुईशिवाय आणावी. ग्लिसरीन घट्ट असल्याने ते सिरिंजच्या आत चिकटून राहते, तेव्हा एकदा सोडल्यावर त्याच सिरिंजमध्ये थोडे मिश्रण ओढून परत सोडावे, म्हणजे राहिलेलेही उतरते. प्रमाण वाढवले तर हात मऊ राहण्याऐवजी चिकट होतात, आणि मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत तो चिकटपणा लवकर जात नाही.

९९ टक्क्यांचे अल्कोहोल असेल तर

लेबलवर ९९ टक्के असेल तेव्हाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीकडे वळावे. ती कृती मुळात दवाखान्यांतील आणि औषधनिर्मितीतील प्रशिक्षित माणसांसाठी लिहिलेली आहे, स्वयंपाकघरासाठी नव्हे, याची जाणीव ठेवावी. मूळ प्रमाण १० लिटरसाठी असे आहे: ९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल ७,५१५ मिलि, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलि, ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिलि, आणि उरलेले ऊर्ध्वपातित किंवा उकळून गार केलेले पाणी. घरासाठी २५० मिलिलिटर पुरेसे आहे, आणि ९९ टक्क्यांचे अल्कोहोल धरले तर हिशेब असा बसतो: अल्कोहोल १९० मिलि, पेरॉक्साइड साडेदहा मिलि, ग्लिसरीन साडेतीन मिलि, आणि २५० च्या खुणेपर्यंत पाणी.

सुरुवात जागेपासून करावी. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातील समई आणि उदबत्ती विझवलेली, आणि आसपास मुले नाहीत, अशी वेळ निवडावी. खुणा असलेले काचेचे किंवा जाड प्लास्टिकचे मोजपात्र साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे. पाणी आदल्या रात्री उकळून झाकून गार केलेले असावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे पाणी त्याऐवजी वापरू नये.

मग अल्कोहोल आधी मोजून पात्रात घ्यावे. हायड्रोजन पेरॉक्साइड आपल्याकडे बहुतेक वेळा ६ टक्क्यांचे, म्हणजे '२० व्हॉल्यूम' असे लिहिलेले, मिळते. ते तसेच घालू नये. तेवढ्याच पाण्यात मिसळून ३ टक्क्यांचे करावे आणि त्यातून साडेदहा मिलिलिटर घ्यावे. हे करताना हातमोजे घालावेत, कारण त्याने त्वचा पांढरी पडून चुरचुरते. पेरॉक्साइड आपल्या हातावरच्या जंतूंसाठी नसते. बाटलीतून किंवा पाण्यातून आलेले आणि अल्कोहोलला न जुमानणारे बीजाणू नष्ट करणे एवढेच त्याचे काम असते. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे ग्लिसरीन घालावे.

पाणी शेवटी आणि खुणेपर्यंत घालावे, मोजून वेगळे ओतू नये. याचे कारण प्रयोगशाळेत एकदा पाहिले की विसरत नाही: ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केले तर १०० मिलिलिटर होत नाही, सुमारे ९६-९७ भरते. दोन्हींचे रेणू एकमेकांच्या पोकळ्यांत बसतात आणि आकारमान आकसते. मिश्रण किंचित कोमटही होते. आयसोप्रोपिलही पाण्यात मिसळताना असेच आकसते. खुणेपर्यंत भरल्यास ही तूट आपोआप भरून निघते.

मिश्रण हलक्या हाताने ढवळून लगेच स्वच्छ बाटलीत भरावे, झाकण घट्ट लावावे आणि ७२ तास बाजूला ठेवावे. घाईत हा थांबा गाळला जातो, पण पेरॉक्साइडला बीजाणूंवर काम करायला हाच वेळ दिलेला असतो. रंग, अत्तर किंवा सुवासिक तेल घालू नये. वासामुळे काहींना ॲलर्जी होते, आणि मुलांना ते सरबतासारखे वाटते.

प्रमाण बरोबर आले का, हे कसे कळावे

याचे प्रामाणिक उत्तर असे की घरी नीट कळत नाही. कणकेत घालून गोळा होतो का पाहणे किंवा कागदावरील पेनाची शाई पसरते का पाहणे या चाचण्यांतून निव्वळ पाणी आणि तीव्र अल्कोहोल एवढाच फरक कळतो. ४५ टक्के आणि ७० टक्के यांतील फरक त्या सांगू शकत नाहीत, आणि आपल्याला हवा असतो तो नेमका तोच. पेटवून पाहणे तर करूच नये. अल्कोहोलमापक काचेची दांडी मिळते, परंतु ती इथेनॉल आणि पाणी यांच्या साध्या मिश्रणासाठी आणि ठरावीक तापमानासाठी, बहुधा २० अंशांसाठी, आखलेली असते. एप्रिलमध्ये ३५ अंशांच्या खोलीत तीच दांडी चार-पाच टक्के जास्त दाखवील, ग्लिसरीन घातले की वेगळेच दाखवील, आणि आयसोप्रोपिलसाठी तिचा आकडा निरर्थक ठरेल. त्यामुळे मोजणीची सारी भिस्त लेबलवरील टक्केवारी आणि आपल्या मोजमापावर राहते.

हिशेबाचे सूत्र लक्षात ठेवणे अवघड नाही: अल्कोहोलचे मिलिलिटर गुणिले त्याची टक्केवारी, भागिले एकूण मिश्रणाचे मिलिलिटर. उत्तर ६० च्या खाली आले तर मिश्रण वापरू नये, ते फरशी किंवा काच पुसायला घ्यावे. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत लिफ्टजवळची बाटली लवकर संपते म्हणून ती अर्धी झाली की पाण्याने भरली जात असे; हे सूत्र लावल्यावर तिथले प्रमाण पहिल्याच खेपेला ३५ टक्क्यांवर आलेले निघाले.

आग, डोळे आणि पोट

७५ टक्के आयसोप्रोपिल मिश्रणाचा ज्वलनबिंदू सुमारे १९ अंश सेल्सिअस आहे, आणि ८० टक्के इथेनॉलचा साडेसतरा. म्हणजे महाबळेश्वरची थंडी सोडली, तर महाराष्ट्रात वर्षातील बहुतेक दिवस या द्रवाची वाफ ठिणगी मिळताच पेट घेऊ शकते. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ओट्यावरून सरकत शेगडीपर्यंत जाते. हाताला लावल्यावर ते पूर्ण कोरडे होईपर्यंत गॅस, काडी, निरांजन, फटाका यांच्या जवळ जाऊ नये. अल्कोहोलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे हात पेटला आहे हे चटका बसल्यावरच कळते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बाटली आपोआप पेट घेत नाही, परंतु तिचे झाकण सैल होऊन वाफ साचते, तेव्हा ती गाडीत ठेवू नये.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव, अल्कोहोलचा प्रकार व टक्केवारी, तयार केल्याची तारीख आणि 'पिऊ नये' एवढे लिहावे. पाण्याच्या, सरबताच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीत हे मिश्रण कधीही भरू नये. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात २०२१ च्या सुरुवातीस पोलिओच्या डोसाऐवजी १२ बालकांच्या तोंडात सॅनिटायझरचे थेंब गेले, आणि तेही लसीकरणाच्या मोहिमेत, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातून. त्याच जिल्ह्यात वणी येथे एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. आंध्र प्रदेशातील कुरिचेडू येथे जुलै २०२० च्या अखेरीस दहाहून अधिक माणसे अशीच गेली. घरात दारूचे व्यसन असलेली व्यक्ती असेल, तर घरी सॅनिटायझर न करणे हाच माझा सल्ला राहील.

लहान मुलाच्या पोटात थोडे जरी गेले, तरी त्याच्या रक्तातील साखर एकदम उतरू शकते. मुलाला ओकारी काढायला लावू नये, मीठपाणी पाजू नये. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मोठ्या माणसाने मिथेनॉलचा संशय असलेले काही प्यायले असेल, तर त्याला बरे वाटते म्हणून थांबू नये, कारण धूसर दिसणे, उलट्या, धाप ही लक्षणे बरेचदा १२ ते २४ तासांनी उमटतात आणि तोवर डोळ्यांचे नुकसान सुरू झालेले असते. डोळ्यात उडाले तर पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे धुवावे आणि मग डॉक्टरांना दाखवावे. पायाने दाबायच्या पंपाच्या स्टँडची तोटी लहान मुलाच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते, हे स्टँड मांडताना कोणाच्या लक्षात येत नाही.

लावताना आणि ठेवताना

तळहात भरेल इतके, साधारण तीन मिलिलिटर, घ्यावे. तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके अशा क्रमाने ते कोरडे होईपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद, चोळावे. दहा सेकंदांतच हात कोरडे झाले, तर घेतलेले प्रमाण कमी होते असे समजावे. ओल्या हाताला लावू नये, कारण हातावरचे पाणी तेच करते जे कोरफड करते.

बाटली झाकण घट्ट लावून, सावलीत, मुलांच्या हाताबाहेर आणि शेगडीपासून दूर ठेवावी. घरी एका वेळी पाव लिटरपेक्षा अधिक करू नये, आणि केलेले शेजाऱ्यांना किंवा गटातल्या महिलांना विकू नये. विक्रीसाठी सॅनिटायझर करायला औषध कायद्याखालील उत्पादनाचा परवाना लागतो. अल्कोहोल झाकणातूनही हळूहळू उडत राहते, त्यामुळे घरच्या मिश्रणासाठी मी तीन महिन्यांची मुदत धरतो. मुदत संपली की उरलेले मोरीत एकदम ओतू नये. उघड्या हवेत, आगीपासून दूर, थोडे थोडे करून काचा पुसण्यात संपवावे, आणि बाटली पाण्याने दोनदा विसळून तिचे लेबल काढल्यावरच भंगारात द्यावी.